नळ ठिबकू द्या

फेब्रुवारी २०२१. टेक्सासमध्ये बर्फ पडला, शाळा बंद झाल्या, लेकरं अंगणात खेळली. मग घरोघरी पाइप फुटले.

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. पण पाइप बहुधा बर्फाच्या थेट रेट्याने फुटत नाही, आणि मला हेच विलक्षण वाटतं. आत बर्फाचा बोळा वाढतो; तो आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब प्रचंड चढतो. पाइप फाटतो तो अनेकदा बर्फ नसलेल्या जागी! नळ ठिबकत राहिला, तर दाबाला वाट मिळते.

तिथल्या कित्येक घरांत पाइप थंडगार माळ्यावरून जातात. ह्यूस्टन-डॅलसला मुलं-नातवंडं असतील तर आवर्जून सांगा: कडाक्याच्या थंडीत सिंकखालच्या कपाटाची दारंही उघडी ठेवा, घरातली ऊब पाइपपर्यंत पोचते.