गाडी खाली, मान वर

पहाटे कुठल्याही मार्केट यार्डात जा आणि भाजी उतरवून रिकाम्या झालेल्या पिकअपच्या मागच्या चाकाशी जरा वाकून बघा. लोखंडी पट्ट्यांची एकावर एक रचलेली कमान दिसेल. गॅरेजवाल्यांच्या भाषेत हे ‘पाटे’. माल जास्त भरायचा असेल तर आपल्याकडे मालक एखादा पाटा वाढवून घेतो. मग रिकामी गाडी मागून उचलल्यासारखी दिसते आणि खड्ड्यात उड्या मारते.

तिकडे कॅलिफोर्नियात मात्र तुमच्याच वयाची पोरं सुट्टीच्या दिवशी घरासमोर गाडीखाली शिरून बरोबर उलटं काम करतात. चांगली उंच पिकअप मागून दोन-तीन इंच, कधी पाच-सहा इंच खाली बसवतात. ‘कशाला?’ हा प्रश्न तुमच्या-आमच्या घरात पहिला येईल. उत्तर नुसत्या स्टाइलमध्ये नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी जुन्या गाड्या घेऊन त्या खाली बसवायला सुरुवात केली. डिकीत वाळूची पोती टाकायची, स्प्रिंगा कापायच्या आणि संध्याकाळी रस्त्यावरून संथपणे फिरायचं. बाकीचे वेगाच्या मागे होते, तेव्हा ही मंडळी ‘आम्हाला बघा’ असं सांगत होती. कायद्याला ते खपलं नाही. १९५८ पासून कॅलिफोर्नियात गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली येणं बेकायदा ठरलं. यावर रॉन अगिरे नावाच्या तरुणाने आपल्या कॉर्वेटला विमानातले हायड्रॉलिक पंप बसवले. बटण दाबलं की गाडी वर, पुन्हा दाबलं की खाली. पुढे डॅटसन, टोयोटासारख्या छोट्या जपानी पिकअप आल्या आणि हा नाद कमी पैशातल्या पोरांच्याही आवाक्यात आला. हायड्रॉलिकचा खर्च झेपत नसेल तर पाटे होतेच. अशा गाड्यांवरची ती जुनी बंधनं कॅलिफोर्नियाने उठवली, ती थेट १ जानेवारी २०२४ पासून!

आता मुद्द्याची गोष्ट. पाटे आणि मागचा ॲक्सल यू-बोल्टने एकमेकांना आवळलेले असतात. काही पिकअपमध्ये ॲक्सल पाट्यांच्या वर बसतो. तिथे दोघांच्या मधे दोन-तीन इंचांचा धातूचा ठोकळा घातला, की ॲक्सल चेसीच्या तेवढा जवळ जातो आणि गाडी तेवढीच खाली येते. काही गाड्यांमध्ये पाटे ॲक्सलच्या वर असतात. तिथे ॲक्सल पाट्यांच्या खालून काढून वर बसवतात. याला म्हणतात फ्लिप. ॲक्सलच्या नळीची जाडी अधिक पाट्यांची जाडी, एवढी गाडी खाली येते.

इथेच नवशिक्यांची विकेट पडते. पाटे ॲक्सलच्या वर असलेल्या गाडीत तोच ठोकळा मधे घातला, तर गाडी खाली येण्याऐवजी वर जाते! म्हणून हातात पाना घेण्याआधी खाली वाकून नुसतं बघणं, ही पहिली पायरी.

पुढचं काम ऐकायला सोपं आहे. सपाट, पक्की जमीन. पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडण्या. जॅकने मागची बाजू उचलायची आणि चेसीखाली दोन्ही बाजूंना घोड्या लावायच्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही. जॅकचं तेल गळायला किंवा तो सरकायला तेवढा वेळ पुरतो. मग ॲक्सलला दुसऱ्या जॅकचा आधार द्यायचा, शॉक ॲब्सॉर्बरचे खालचे बोल्ट सोडायचे, यू-बोल्ट काढायचे, ॲक्सल हळूच उचलायचा, ठोकळा ठेवायचा. ठोकळ्याची खुंटी आणि पाट्यांच्या मधल्या बोल्टचं डोकं आपापल्या भोकात नीट बसलं पाहिजे. तसं नसेल तर ब्रेक मारताना ॲक्सल सरकतो. यू-बोल्ट नवेच वापरायचे, कारण एकदा आवळलेले ताणले गेलेले असतात. चारही नट आलटून-पालटून, थोडे थोडे आवळायचे. गाडी खाली उतरवून तिचं वजन चाकांवर आलं की पुन्हा तपासायचे. थोडी चालवून झाल्यावर आणखी एकदा.

एवढ्यावर फोटो काढून मोकळं व्हावंसं वाटतं. पण गाडी खाली आल्यावर तिची बाकीची गणितंही बदललेली असतात.

पहिलं, ॲक्सल आणि चेसीमधली फट कमी झाली. खड्ड्यात ॲक्सल चेसीवर आपटतो. जास्त खाली बसवलेल्या गाडीत म्हणूनच चेसी खालून कमानीसारखी कापून, जाड पत्रा वेल्ड करून ॲक्सलला जागा करून देतात. हे वेल्डिंग शिकाऊ हाताचं काम नाही. दुसरं, जुने शॉक ॲब्सॉर्बर आता लांब पडतात आणि दाबले जाऊन तळाला टेकतात. ते आखूड लागतात. तिसरं, ॲक्सलचा कोन बदलला की प्रोपेलर शाफ्ट थरथरतो. मग पाचरीसारखी पट्टी घालून कोन दुरुस्त करावा लागतो. चौथं, फक्त मागची बाजू खाली आली तर हेडलाइट वर बघायला लागतात आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

पाचवी गोष्ट सगळ्यात चकवणारी. काही पिकअपमध्ये ॲक्सल आणि चेसीमधलं अंतर मोजून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. माल भरला की गाडी बसते, अंतर कमी होतं आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. आता गाडी तुम्हीच खाली बसवलीत. त्या बिचाऱ्या व्हॉल्व्हला वाटतं, मागे माल भरलाय. रिकाम्या गाडीत तो मागे जोरदार ब्रेक देतो, ओल्या रस्त्यावर मागची चाकं लॉक होतात आणि गाडी गिरकी घेते. चालवणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही की दोष त्या दोन इंचांच्या ठोकळ्याचा आहे. व्हॉल्व्हची दांडी नव्या उंचीप्रमाणे जुळवून घेतली असती, तर हे टळलं असतं.

हे वाचून कुणाची नजर घरच्या पिकअपकडे वळली असेल, तर जरा थांबा. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ नमुन्याशी न जुळणारा बदल करता येणार नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण मिळतं. आणि खरं सांगायचं तर आपल्या रस्त्यांवरचे स्पीडब्रेकर कोर्टाच्याही आधी निकाल देतील.

पण बघायला, समजून घ्यायला कुणाची बंदी आहे? मेकॅनिकलला असाल तर जवळच्या गॅरेजमध्ये एक दिवस जाऊन बसा. पाटे उतरवताना बघा, ॲक्सल वर की पाटे वर ते ओळखा, ब्रेकची ती दांडी शोधा. आणि मालक ‘एक पाटा वाढव’ म्हणाला, की मिस्त्रीला हळूच विचारा, ‘दादा, त्या व्हॉल्व्हचं काय?’