खोलीवर पाहुणे चालत नाहीत

दारव्ह्यात मगरिबची अजान होते तेव्हा रियाधमध्ये दुपारचे चार वाजलेले असतात. इथे खजुराने रोजा सुटतो, भज्यांची आणि कलिंगडाच्या फोडींची ताटे रिकामी होतात, पुरुष मंडळी तरावीहच्या नमाजसाठी मशिदीकडे निघतात. तिथला रोजा सुटायला अजून दोन तास असतात. साडेआठच्या सुमारास मोबाइल वाजतो आणि घरातली सून तो घेते. पडद्यावर जमिनीवर अंथरलेले प्लास्टिक, मधोमध मोठे ताट आणि भोवती आठ माणसे. त्यातला एक तिचा नवरा. मागे लोखंडी दुमजली खाटा दिसतात. ती खोली तिने फक्त अशीच पाहिली आहे, आणि बहुधा कधीच आत जाऊन पाहणार नाही.

आखाती देशांत कंपनीने दिलेल्या अशा निवासाला ‘बॅचलर’ म्हणतात. लग्न झालेले असो, चार मुले असोत, बायको सोबत नसलेला प्रत्येक पुरुष तिथे बॅचलर. इमारतींवर पाट्या तशाच असतात, काही ‘फॅमिली’च्या, काही ‘बॅचलर’च्या. संयुक्त अरब अमिरातीत पन्नास किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कंपनीने १,५०० दिरहमपेक्षा कमी पगाराच्या कामगारांना राहण्याची जागा द्यावी असा नियम आहे, आणि माणशी किमान तीन चौरस मीटर जागेचे मापही ठरले आहे. तीन चौरस मीटर म्हणजे एक खाट, तिच्याखाली बॅग आणि चपला काढायला जागा. तिथे बायको, आई, लेकरू कुठे बसणार? दारावरचा वॉचमन स्त्रीला आत सोडतच नाही.

कुटुंबाला भेटीवर बोलावता येते, पण त्यासाठी पगार आणि हुद्दा लागतो. अमिरातीत कुटुंब सोबत ठेवायचे तर ४,००० दिरहम पगार हवा, किंवा राहण्याची जागा आणि ३,००० दिरहम. कुवेतने २०२२ मध्ये कुटुंबभेटीचे व्हिसा थांबवले आणि २०२४ मध्ये पुन्हा सुरू केले तेव्हा किमान ४०० दिनार पगाराची अट घातली. सौदीने जुलै २०१७ पासून सोबतच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना शंभर रियाल शुल्क लावले आणि ते दरवर्षी शंभरने वाढवत २०२० मध्ये ४०० वर नेले. त्या काळात चांगल्या पगारावरच्या अनेकांनीही बायको-मुलांना परत पाठवले. एसी मेकॅनिकची तर गोष्टच वेगळी.

दारव्ह्याचा हा मुलगा एसी मेकॅनिकच आहे. आयटीआय केले, काही दिवस यवतमाळला काम केले, मग लग्नानंतर दोन महिन्यांनी रियाधला गेला. दोन वर्षांनी दोन महिन्यांची सुटी, पुन्हा दोन वर्षांनी दोन महिन्यांची. साडेपाच वर्षांच्या संसारात नवरा-बायको सहा महिने एकत्र राहिले. मुलगी जन्मली तेव्हा तो तिथेच होता. पहिल्यांदा तिला कडेवर घेतले तेव्हा ती सव्वा वर्षाची होती.

गेल्या वर्षी आई-वडिलांना उमऱ्याला पाठवायचे असे त्याने ठरवले. रमजानमधल्या उमऱ्याचे पुण्य हजएवढे, अशी हदीस आहे, त्यामुळे या महिन्यात गर्दीही मोठी आणि दरही चढे. दोघांचे पैसे त्याने तीन वर्षे साठवले होते. रियाधहून मक्का साडेआठशे किलोमीटरहून अधिक. चार दिवसांची रजा मिळाली तर बसने येऊन तोही भेटणार होता. कंपनीच्या खोलीवर जे शक्य नव्हते ते हरमच्या अंगणात होणार होते. आखातातल्या कितीतरी कामगारांच्या घरी भेटीची हीच रीत झाली आहे. व्हिसा यात्रेचा असतो आणि भेट त्यात बसवलेली असते.

पैसे भरायच्या आदल्या रात्री वडिलांनी जेवताना सांगितले की आपल्या जागी सून जाईल. जिनिंगमध्ये उभी हयात काढलेला, कमी बोलणारा माणूस. सून नको म्हणाली. अम्मीही रागावल्या, उमरा काय बदलीवर देतात का? अब्बा म्हणाले, “बेटी, माझी नियत झाली आहे, ती अल्लाहजवळ पोहोचली. तू पोरीला घेऊन जा.” पूर्वी मेहरम, म्हणजे नवरा, बाप, भाऊ असा पुरुष सोबत असल्याशिवाय बायकांना हा प्रवास करता येत नसे. सौदीने ती अट शिथिल केल्यामुळे सासू, सून आणि अडीच वर्षांची नात अशा तिघी गटासोबत निघाल्या. शेजारच्या काकूंनी जवसाची चटणी आणि मूगवड्या बांधून दिल्या. अम्मी म्हणाल्या, वजन होईल. काकू म्हणाल्या, “पोराला दारव्ह्याची चव तर जाऊ द्या.” ट्रॅव्हल्सने मुंबई, तिथून विमानाने जेद्दा.

भेट ठरली होती घड्याळाच्या मनोऱ्यासमोर, एक नंबरच्या दारापाशी. तो रात्रभर बसमध्ये होता. मुलगी त्याला पाहून दादीच्या बुरख्यामागे लपली. हाक मारली तर रडायला लागली. शेवटी त्याने चार पावले मागे जाऊन बायकोच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला. मुलीने फोनमध्ये पाहिले आणि ओळखीचे हसली. मग फोनवरून नजर उचलून समोर पाहिले. पुन्हा फोनमध्ये. तिला पप्पा ठाऊक होते, पण हातभर आकाराचे. तो जवळ आला तेव्हा तिने आधी त्याच्या दाढीला बोट लावून पाहिले.

इतके सगळे जमूनही नवरा-बायकोला एक खोली नव्हती. यात्रेच्या हिशेबात चौघींना एक खोली असते. अम्मी, सून आणि दिग्रसच्या दोन बायका अशी त्यांची होती. वेगळी खोली घ्यायची तर रमजानमधले मक्केचे भाडे त्याच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढे. तो गटातल्या पुरुषांच्या खोलीत जमिनीवर चादर टाकून झोपला. इफ्तारलाही हरमच्या अंगणात बायकांच्या रांगा वेगळ्या, पुरुषांच्या वेगळ्या. खजूर, जमजम आणि कहव्याचे पेले हातोहात पुढे जात होते आणि तो दुरून मुलीला हात दाखवत होता.

दिग्रसच्या बायकांनी हे दोन दिवस पाहिले. तिसऱ्या रात्री तरावीहनंतर त्या अम्मींना म्हणाल्या, चला, आज सहेरीपर्यंत हरममध्येच इबादत करू. कोणी काही सुचवले नाही, कोणी काही विचारले नाही. सुनेने विजेच्या किटलीत चहा केला. काकूंची चटणी भाकरीऐवजी तिथल्या खुबूस रोटीला लावून खाल्ली. मुलगी दोघांच्या मधे झोपली. घराच्या छपराची दुरुस्ती, अम्मींची साखर, मुलीची बालवाडी असे सगळे फोनवर होऊन गेलेले विषयच पुन्हा बोलले गेले. पण फोनवर मागे सात माणसे असतात. तिथे कोणी नव्हते.

गिरण्यांच्या मुंबईने हे पाहिलेले आहे. कोकणातून आलेले चाकरमानी एकेका गाळ्यात दहा-वीस जण राहत, पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत. बायका गावी. त्या काळी खोली निदान आपल्या गावकीची असे. इथे खोली कंपनीची, नियम कंपनीचे, आणि सुरक्षाही तिच्याच भरवशावर. १२ जून २०२४ च्या पहाटे कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि ४५ भारतीय गेले. त्या दिवशी दारव्ह्याच्या या घरात त्याचा फोन दुपारपर्यंत लागला नव्हता. कुवेत आणि रियाध वेगळे देश आहेत हे अम्मींना कोणी समजावू शकले नाही.

त्याच्या खोलीत आता उत्तर प्रदेशचे तिघे, केरळचा एक, नेपाळचे दोघे आणि निजामाबादचा एक आहे. निजामाबादवाला हिंदू आहे. रमजानमध्ये सौदी कायद्याने मुस्लिम कामगारांचे काम दिवसाला सहा तासांवर येते, त्याचे मात्र पूर्ण वेळ चालते. तरी कामावरून आल्यावर इफ्तारची कांदाभजी तोच तळतो, कारण खोलीत ती इतर कुणालाच जमत नाहीत. त्याची बायको आणि दोन मुले तिकडे गावी आहेत. उमऱ्याच्या निमित्ताने होणारी भेट त्याच्या वाट्याला नाही, हे सून मुद्दाम सांगते.

मक्केहून परतताना तिघींसोबत जमजम, खजूर आणि काकूंसाठी एक थर्मास आला. अब्बांनी जमजम किबल्याकडे तोंड करून, उभे राहून प्यायले आणि नातीला विचारले, पप्पा कसे आहेत? ती म्हणाली, मोठे.

यंदा अब्बांचा पासपोर्ट नूतनीकरण होऊन आला आहे. सून म्हणते, आता तुमची पाळी. ते म्हणतात, आधी त्याची सुटी होऊ दे, ईदनंतर तो घरी येतो आहे, दोन महिन्यांसाठी. सुनेने भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेला गोल केला आहे. साडेआठ वाजले की मुलगी फोनजवळ जाऊन बसते, आणि तो लागला की पहिल्यांदा ताटात काय आहे ते विचारते.