लेकराचे म्हणणे लेकरालाच सांगू द्या

आमच्या वस्तीतील विहारात रविवारची वंदना आटोपली की काही माणसे मागे थांबतात. कोणाला जातीचा दाखला हवा असतो, कोणाला शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून हवा असतो. हात कारकुनाचा असल्यामुळे अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे येते. एका रविवारी एक भगिनी आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन दिव्यांग प्रमाणपत्राच्या अर्जासाठी आली. मुलगा बोलत नाही. अर्ज लिहीत असताना मुलाने अचानक स्वतःच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. आईने बिस्कीट पुढे केले, त्याने ते भिरकावले. पाणी दिले, नको. कडेवर घेतले, तरी तेच. शेवटी कोणीतरी पंखा बंद केला आणि मूल शांत झाले. पंख्याची घरघर त्याला सहन होत नव्हती.

ती भगिनी म्हणाली, "दादा, नऊ वर्षं झाली, मी नुसता अंदाज करतेय. आणि सासरची माणसं म्हणतात, मागल्या जन्माचं पाप आहे."

मागील जन्माचे कर्म या जन्मी भोगावे लागते, हा सिद्धांत बुद्धाचा नव्हे, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्टपणे मांडले आहे. आपण दीक्षा घेतली, घरातले देव्हारे काढले. पण दिव्यांग मूल जन्मले की आपल्याही घरात पापपुण्याची भाषा सुरू होते. त्या आईवरचा हा आरोप तर खोटाच आहे. पण त्याहून मोठा प्रश्न असा की, ज्याला बोलता येत नाही त्याला स्वतःचे म्हणणे सांगण्याचा मार्ग आपण दिला आहे काय?

वागणे हीसुद्धा भाषाच

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता अशा कारणांनी ज्यांची वाचा विकसित होत नाही, त्यांच्यासाठी चित्रांची कार्डे, संवादफलक, हातांच्या खुणा, बोट लावताच आवाज देणारी यंत्रे अशी साधने आहेत. त्यांना पूरक व पर्यायी संवादसाधने म्हणतात. यावर जगात गेली पन्नासहून अधिक वर्षे संशोधन चालू आहे.

१९८५ साली एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड या अमेरिकन संशोधकांनी विकासात्मक अक्षमता असलेल्या चार मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही मुले आरडाओरडा करीत, स्वतःला वा दुसऱ्याला इजा करीत. बारकाईने पाहता आढळले की, काहींचा त्रास काम अवघड झाले की वाढे, तर काहींचा आपल्याकडे कोणाचे लक्ष नसले की वाढे. मग ज्याला जे म्हणायचे होते तेवढे एक वाक्य त्याला शिकवले. अवघड कामाने बिथरणाऱ्याला 'मला समजत नाही', आणि लक्ष हवे असणाऱ्याला 'मी काम बरोबर करतोय का?'. त्या वाक्याला मोठ्यांकडून दाद मिळू लागताच त्रास झपाट्याने कमी झाला. म्हणजे ज्याला आपण हट्ट म्हणतो, तो पुष्कळदा निरोप असतो.

चित्र दिले तर बोलणे बंद पडते काय?

पालकांची सर्वांत मोठी भीती हीच. त्या भगिनीलाही कोणीतरी सांगितले होते, "चित्रं देऊ नका, आळशी होईल, मग कधीच बोलणार नाही." ही समजूत चुकीची आहे. २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लोसर या संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांची छाननी केली. त्यांतील काटेकोर पद्धतीने झालेल्या सहा अभ्यासांत २७ व्यक्ती होत्या. साधन दिल्यामुळे त्यांच्यापैकी एकाचेही बोलणे कमी झाले नाही. ११ टक्के जणांत फरक पडला नाही, तर ८९ टक्के जणांचे बोलणे वाढले. वाढ बहुतेकांत थोडी होती, हेही सांगितले पाहिजे. चित्र ही जादू नव्हे. पण चित्र वाचेचा शत्रूही नव्हे.

२०१० मध्ये मेरी अॅन रोम्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठहून अधिक लहान मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. या मुलांना दहा शब्दही बोलता येत नव्हते. काहींना केवळ बोलणे शिकवले, तर काहींना आवाज देणाऱ्या यंत्राची जोड दिली. यंत्र स्वतः वापरायला शिकलेल्या मुलांचे तोंडी शब्दही केवळ बोलणे शिकवलेल्या मुलांपेक्षा अधिक निघाले. तेव्हा 'आधी बोलू दे, मग बघू' म्हणत वर्षे घालवणे हे मुलाचे नुकसान आहे.

एका निर्वासिताची चिन्हे

चित्रचिन्हांच्या इतिहासात चार्ल्स ब्लिस हे नाव मानाचे आहे. ऑस्ट्रियातील हा ज्यू गृहस्थ १९३८ मध्ये नाझींच्या दाखाऊ व बुखेनवाल्ड छळछावण्यांत होता. सुटल्यावर तो शांघायला गेला. तेथे चिनी चित्रलिपी पाहून त्याच्या मनात आले की, माणसामाणसांत भाषेमुळे वैर नको, म्हणून सर्वांना समजेल अशी चिन्हलिपी असावी. ऑस्ट्रेलियात स्थायिक झाल्यावर १९४९ मध्ये त्याने ती ग्रंथरूपाने मांडली. हृदय म्हणजे भावना. हृदयापुढे वर जाणारा बाण म्हणजे आनंद, खाली जाणारा बाण म्हणजे दुःख. जगाने फारशी दखल घेतली नाही. पण १९७१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे शर्ली मॅकनॉटन या शिक्षिकेने सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांपुढे हीच चिन्हे फलकावर मांडली आणि ज्यांना मतिहीन समजले जाई ती मुले वाक्ये जुळवू लागली.

हात कोणाचा, बोल कोणाचे?

येथे एक सावधगिरीची गोष्ट. १९९० च्या सुमारास अमेरिकेत एक पद्धत फार गाजली. मदतनीस मुलाचा हात धरी आणि मूल अक्षरांवर बोट ठेवून मोठमोठी वाक्ये लिही. आईबापांना आनंद झाला. पण १९९३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका केंद्रात १२ स्वमग्न व्यक्तींची परीक्षा घेतली गेली. व्यक्तीला एक चित्र व मदतनिसाला दुसरे चित्र दाखवले, तेव्हा उत्तर आले ते मदतनिसाने पाहिलेल्या चित्राचे! मदतनीस लबाड नव्हते, त्यांना स्वतःलाही ते कळत नव्हते. पण बोल त्यांचेच होते. १९९४ मध्ये अमेरिकेच्या मानसशास्त्र संघटनेने या पद्धतीला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले. आजही कोणी अशी पद्धत विकायला आले तर दूर राहावे.

आपल्याला ही गोष्ट चटकन समजावी. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी मांडले ते हेच की, अस्पृश्यांचे म्हणणे अस्पृश्यांच्याच प्रतिनिधींनी मांडले पाहिजे. पुढच्याच वर्षी 'मूकनायक' निघाला. दुसऱ्याने आपल्या नावाने बोलणे म्हणजे आपले बोलणे नव्हे, मग तो दुसरा कितीही मायेचा असो.

याउलट मुंबईच्या मालिनी चिब यांचे उदाहरण पाहा. सेरेब्रल पाल्सीमुळे त्यांचे बोलणे इतरांना समजणे कठीण. पण एका करंगळीने स्वतः टाइप करून त्यांनी उच्च शिक्षण घेतले आणि आत्मचरित्रही लिहिले. बोट त्यांचे, शब्दही त्यांचेच.

घरी सुरुवात कशी करावी?

चूळपंथक भिक्खूची गोष्ट आपण वर्षावासात ऐकतो. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना, म्हणून सख्ख्या भावाने त्याला विहारातून निघून जायला सांगितले. तथागतांनी त्याच्या हाती पांढरे वस्त्र दिले व ते चोळायला सांगितले. वस्त्र मळत गेले आणि त्याला अनित्यता उमगली. शिष्य तोच होता, शिकवण्याची रीत बदलली.

प्रथम मुलाचे कान तपासून घ्यावेत आणि वाचा-उपचारतज्ज्ञाला दाखवावे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे. सुरुवातीला खर्च नाही. मुलाच्या आवडीच्या चार-पाच वस्तूंची चित्रे किंवा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवावेत. बिस्किटाच्या पुड्याचे वेष्टनही चालते. मुलाने कार्ड हातात दिले की ती वस्तू लगेच द्यावी. अँडी बॉन्डी व लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या पद्धतीचा पाया हाच आहे. आरंभी हाताला आधार द्यावा लागला, तरी तो लवकर काढून घ्यावा.

आपण बोलताना आपणही चित्रावर बोट ठेवावे, कारण मूल पाहून शिकते. विचारल्यावर मनात दहा आकडे मोजून वाट पाहावी. शिक्षा म्हणून फलक कधीही काढून घेऊ नये. साधा मोबाइल असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेले 'जेलो' हे अॅप मोफत असून मराठीतही आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येतच ही साधने आहेत आणि कलम १७ नुसार शिक्षणात त्यांच्या वापराला चालना देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. शाळेने टाळाटाळ केली तर अर्जात हे कलम लिहावे.

त्या भगिनीसाठी आम्ही विहारात बसून जुन्या वहीच्या पुठ्ठ्यांची कार्डे केली. पाणी, बिस्कीट, झोका, दुखतंय. एका कार्डावर लाल फुली मारून त्याला 'नको' म्हटले. दोन महिन्यांनी ती सांगत आली की, पोराने पहिल्यांदा आपणहून उचलले ते 'नको'चे कार्ड. पंखा लावला की कार्ड आईच्या हातात. मनगटावरचे व्रण आता जुने दिसतात. तो अजून एक शब्दही बोललेला नाही.

आपल्या प्रत्येक विहारात मुलांसाठी पुस्तकांचे कपाट असते. त्यात असा एक फलक ठेवायला महिला मंडळाला एक दुपार पुरेल. तेवढे काम येत्या पौर्णिमेपूर्वी करावे, ही विनंती. जयभीम.