हात थरथरतात, गोळी द्या!

दीड-दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. शनिवारची संध्याकाळ होती आणि दवाखान्यात सर्दी-तापाच्या रुग्णांची गर्दी होती. त्या गर्दीत तेवीस-चोवीस वर्षांचा एक तरुण सगळे जाईपर्यंत बसून राहिला. नखांत ग्रीस, बदलापूरच्या एका गॅरेजमध्ये कामाला. शेवटी आत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, मला आजार काही नाही. फक्त हात थरथरतात आणि छाती धडधडते. त्यावर एक गोळी असते म्हणे. ती द्या."

हात केव्हा थरथरतात, असे विचारल्यावर खरे कारण कळले. हा मुलगा मोटारसायकलच्या ड्रॅग रेसमध्ये उतरणार होता.

वाचकांपैकी अनेकांना हा प्रकार नवा असेल. ड्रॅग रेस म्हणजे सरळ पट्ट्यावरची शर्यत. अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे 402 मीटर. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, समोरच्या खांबावर पिवळे दिवे लागतात, मग हिरवा लागतो आणि गाड्या सुटतात. वळण नाही, घाट नाही. दीड-दोनशे सीसीच्या गाडीला पंधरा ते वीस सेकंद लागतात. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या विमानांच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' या नावाने अशी शर्यत भरत आली आहे आणि तिथे हौशी मुलेही भाग घेतात. खेड-जुन्नरकडे बैलगाडा जसा घाटात घड्याळावर पळतो, तसाच हा प्रकार. फक्त बैलांच्या जागी इंजिन.

गोळी मागणाऱ्या त्या मुलाकडे पाहताना मला माझीच एक जुनी चूक आठवली. काही वर्षांपूर्वी असाच एक तरुण आला होता. परीक्षेची धास्ती आहे, असे त्याने सांगितले आणि मी फारशी चौकशी न करता धडधड कमी करणारी गोळी लिहून दिली. पंधरा दिवसांनी तो गळ्यातल्या झोळीत हात अडकवून आला. खांद्याजवळचे हाड मोडले होते. परीक्षा वगैरे काही नव्हती. रात्री कर्जतच्या रस्त्यावर मित्रांशी पैज लावून तो गाडी पळवत होता. मला म्हणाला, "डॉक्टर, गोळी मस्त होती. भीतीच वाटली नाही." ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. भीतीने त्याला ब्रेक लावायला सांगितले असते. तिचे तोंड मी बंद केले होते.

थरथर कशामुळे होते?

संकट किंवा कसोटीचा क्षण समोर आला की मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन सोडतात. हृदय जोरात चालते, श्वास वाढतो, तोंडाला कोरड पडते, तळहाताला घाम येतो, पुन्हा पुन्हा लघवीला जावेसे वाटते. हाताचे स्नायू ताणले जातात आणि थरथरतात. हा रोग नाही. शरीराने कामासाठी केलेली ती तयारी आहे.

ही तयारी किती असावी, याला मात्र मर्यादा आहे. यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकन संशोधकांनी 1908 साली उंदरांवर प्रयोग करून जे दाखवले त्याचा सारांश असा, की उत्तेजना फार कमी असली तर काम नीट होत नाही आणि फार जास्त झाली तरी बिघडते. काम जितके अवघड, तितकी थोडी उत्तेजना पुरते. मी त्या मुलाला त्याच्याच भाषेत सांगितले, "तुझ्या गाडीची चेन सैल असली तर उतरते आणि फार ताणलीस तर तुटते. मनाचंही तसंच आहे. चेन काढून टाकायची नसते, तिचा ताण जमवायचा असतो."

गोळी का नको?

तो मागत होता ती गोळी बीटा ब्लॉकर वर्गातली, उदाहरणार्थ प्रोप्रॅनोलॉल. रक्तदाब, हृदयविकार, अर्धशिशी यांसाठी ती उपयोगी आहे आणि ज्यांना डॉक्टरांनी दिली आहे त्यांनी ती मनाने बंद करू नये. पण दमेकऱ्याने ती चुकून घेतली तर श्वासनलिका आवळल्या जाऊन जीव धोक्यात येऊ शकतो. नाडी मंद असणाऱ्याला चक्कर येऊ शकते. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेह्याच्या रक्तातली साखर उतरली तर धडधडीची जी सूचना मिळते, तीही ही गोळी झाकून टाकते. शिवाय जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने मोटार शर्यती आणि नेमबाजी अशा खेळांत स्पर्धेच्या वेळी या गोळ्यांना बंदी घातली आहे. म्हणजे जिंकूनही बाद होण्याची पाळी.

मग करावे काय?

मी त्याला औषधाऐवजी एक दोनशे पानी वही आणायला सांगितली आणि चार गोष्टी दिल्या.

पहिली गोष्ट श्वासाची. नाकाने चार आकडे मोजत श्वास आत घ्यावा आणि सहा आकडे मोजत सावकाश सोडावा. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून सोडण्याला जास्त वेळ द्यायचा. दोन मिनिटे पुरतात. पण हे शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा करून चालत नाही. रोज सकाळी आणि झोपताना सवय हवी.

दुसरी गोष्ट ठरलेल्या क्रमाची. हेल्मेटचा पट्टा, हातमोजे, गिअर, क्लच, एक दीर्घ श्वास, नजर दिव्यांवर. दर वेळी हाच क्रम ठेवायचा. हातांना काम मिळाले की मन भरकटत नाही.

तिसरी गोष्ट मनातल्या सरावाची. डोळे मिटून पूर्ण शर्यत पाहायची, तीही खऱ्या वेळात. दिवे, इंजिनाचा आवाज, पहिला गिअर, दुसरा, शेवटची रेषा आणि त्यानंतर गाडी हळू करत थांबवणे. ही शेवटची पायरी मुले विसरतात. यासाठी पेट्रोल लागत नाही आणि हाडही मोडत नाही.

चौथी गोष्ट झोपेची. दिवा दिसल्यापासून हात हलेपर्यंत निरोगी तरुणालाही सेकंदाचा पाचवा भाग तरी जातो. धावण्याच्या शर्यतीत बंदुकीनंतर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत कोणी निघाला तर तो आवाज ऐकून निघालाच नाही, असे मानून त्याला चुकीची सुरुवात देतात. शरीराची ही मर्यादा इच्छाशक्तीने ओलांडता येत नाही. जागरणाने आणि दारूने मात्र हा वेळ नक्की वाढतो. आदल्या रात्री मित्रांबरोबर बसणारा शर्यत तिथेच हरलेला असतो.

"आणि थरथर आली तर?" त्याने विचारले. मी म्हणालो, "तर तिला घाबरू नकोस. अंग तयार झालं, एवढंच मनाशी म्हण."

कोणासाठी पळायचे?

खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. मी त्याला विचारले, "तू पळतोस कोणासाठी?" तो गप्प बसला. मग म्हणाला, "गॅरेजवाली पोरं हसतात, काका. एकदा दाखवून द्यायचंय."

सोबतीचा आणि बघ्यांचा परिणाम मोठा असतो. 1898 साली नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकन अभ्यासकाच्या लक्षात आले, की सायकलस्वार एकटे असताना जितके पळतात त्याहून जोडीला कोणी असले तर जास्त पळतात. मग त्याने मुलांना गळाच्या दोरीची चक्री फिरवायला दिली. जोडीला दुसरे मूल असताना बऱ्याच मुलांचा वेग वाढला, पण काहींचा उत्साहाच्या भरात उलट बिघडला. दाखवून द्यायची घाई ज्याला झाली त्याचे असेच होते. तो हिरव्या दिव्याच्या आधी सुटतो आणि बाद होतो.

पैशाचेही तसेच. एडवर्ड डेसी यांनी 1971 साली काही विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली आणि त्यासाठी पैसे दिले. पैसे थांबल्यावर त्यांची कोड्यांची मूळची ओढ कमी झालेली दिसली. पैजेवर गाडी पळवणाऱ्याला हळूहळू गाडी आवडेनाशी होते आणि फक्त पैज उरते. मग पैज मोठी करावी लागते.

ड्रॅग रेसमध्ये एक चांगली सोय आहे. गाडी जागची हलल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंतचा वेळ वेगळा मोजला जातो. त्यामुळे शेजारचा जिंको वा हरो, आपला मागचा आकडा आणि आजचा आकडा समोर असतो. मी त्याला सांगितले, "वहीत फक्त तुझा वेळ लिही. शेजारच्याचा लिहू नकोस."

आपल्या वांगणी स्थानकावर 17 एप्रिल 2021 रोजी जे घडले ते सगळ्यांना आठवत असेल. अंध आईबरोबर फलाटावरून चाललेले मूल रुळांवर पडले आणि समोरून गाडी येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून गाडीच्याच दिशेने धावत गेले, मुलाला फलाटावर चढवले आणि स्वतः जेमतेम वर आले. आपल्याही जिवाला धोका आहे हा विचार मनात आला होता, असे त्यांनी नंतर सांगितले. म्हणजे भीती त्यांनाही वाटली. पण धावण्याचे कारण भीतीपेक्षा मोठे होते आणि टाळ्या वाजवायला तिथे गर्दी नव्हती. पुढे मिळालेल्या पन्नास हजारांच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी त्या मायलेकरांना दिली. एका मोटारसायकल कंपनीने त्यांना गाडीही भेट दिली. गाडी अशा रीतीने मिरवावी, असे मी गावातल्या मुलांना नेहमी सांगतो.

पालकांना दोन शब्द

मुलाला वेगाची आवड आहे म्हणून तो वाया गेला, असे समजू नये. नुसते रागावले तर तो गाडी चोरून काढतो. आवड असेल तर बंद धावपट्टीवर, रीतसर परवान्याने, हेल्मेट आणि जाड जाकीट घालून, रुग्णवाहिका उभी असताना पळू द्यावे. रस्त्यावर मात्र मुळीच नाही. ताशी शंभर किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ अठ्ठावीस मीटर जाते. धावपट्टीवर त्या अठ्ठावीस मीटरांत काही नसते. रस्त्यावर म्हैस असते, रिक्षा असते, शाळेतून येणारे पोर असते. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावल्यास मोटार वाहन कायद्याने पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. मुलगा अठरा वर्षांखालचा असेल तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकालाही जबाबदार धरले जाते.

धडधडीबरोबर चक्कर किंवा बेशुद्धी येत असेल, छातीत दुखत असेल, घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तर शर्यतीच्या आधी हृदयाची तपासणी आणि ईसीजी करून घ्यावा. एरवीही झोप लागत नसेल, विनाकारण धास्ती वाटत असेल किंवा जिवाचे काही बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर संकोच न करता डॉक्टरांना सांगावे. टेलिमानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांकही आहे.

तो मुलगा गेल्या आठवड्यात पुन्हा आला. दुसऱ्या फेरीत हरला. वही मात्र घेऊन आला होता. सरावातला वेळ 17.1 सेकंद, शर्यतीतला 16.6. मी विचारले, "हात थरथरले का?" म्हणाला, "थरथरले की! पण क्लच सोडला तेव्हा विसरलो." आईला बरोबर आणले होते. तिचा रक्तदाब वाढला होता. तिला मात्र मी गोळी लिहून दिली.