अंघोळ एक, बादल्या किती?

सकाळी सातची वेळ. न्हाणीघराचे दार बंद, आत शॉवर सुरू आणि बाहेर रांग. पंधरा मिनिटे झाली तरी चिरंजीव बाहेर यायचे नाव घेत नाहीत. "अरे, टाकी रिकामी करतोस की काय?" आई ओरडते. आजी मात्र शांतपणे म्हणतात, "आमच्या वेळी एका घंगाळात सगळं उरकायचं. आणि अंगही स्वच्छच असायचं हो!"

आजींचे हे बोलणे घरात कुणी फारसे मनावर घेत नाही. पण कागद-पेन्सिल घेऊन बसलात, तर हिशेब त्यांच्याच बाजूने निघेल.

पाण्याचा हिशेब

शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी लागते, असे भारतीय मानकात धरलेले आहे. त्यातले ५५ लिटर एकट्या अंघोळीचे. पिणे आणि स्वयंपाक मिळून अवघे १०! शॉवरमधून मिनिटाला १० लिटर पाणी सहज जाते. म्हणजे दहा मिनिटांत १०० लिटर. बादलीत मात्र २० लिटरमध्ये काम भागते. चार माणसांच्या घरात हा फरक रोज ३२० लिटरचा, म्हणजे सोळा बादल्यांचा झाला.

ज्या गावाला नळ कोरडे पडतात, त्याला या सोळा बादल्यांची किंमत विचारा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. २०१९ मध्ये चेन्नईसारख्या महानगरावरही तीच पाळी आली. आणि टंचाई आली की पाण्यासाठी पहाटे उठणे बहुधा घरातल्या बाईच्याच वाट्याला येते.

विजेचाही विचार हवा

गरम पाण्याची उधळपट्टी ही दुहेरी उधळपट्टी. २५ अंशांचे २० लिटर पाणी ४० अंशांपर्यंत तापवायला साधारण एक तृतीयांश युनिट वीज लागते. १०० लिटरला तीच पावणेदोन युनिट होते. आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळसा जाळूनच मिळते, हे लक्षात घेतले म्हणजे लांबलेल्या अंघोळीचा धूर कुठे निघतो ते कळते.

एवढे करून पाहा

• शॉवर सोडवत नसेल तर अंग भिजवून तो बंद करा, साबण लावा, मग पुन्हा सुरू करा. पाणी दोन-तीन मिनिटेच वाहील. कमी पाणी सोडणारा शॉवरही बाजारात मिळतो.

• गीझरचे गरम पाणी येण्याआधी नळातून गार पाणी वाहून जाते. ते बादलीत धरा. विसण म्हणून तेच उपयोगी पडेल.

• गीझर तासन्‌तास चालू ठेवू नका. घरातल्यांनी अंघोळी एकामागून एक उरकल्या, तर तापलेले पाणी निवून वाया जात नाही.

• गच्चीवर ऊन येत असेल तर सौर बंबाचा विचार जरूर करा. सोसायटीने मिळून बसवला तर खर्च वाटला जातो.

• प्लॅस्टिकच्या बाटलीतल्या द्रव साबणाऐवजी कागदी वेष्टनातली वडी आणा. अंग घासायला प्लॅस्टिकच्या जाळीऐवजी वाळलेले घोसाळे घ्या. बिया काढल्या की झाले!

• अंघोळीचे पाणी संडासात टाकायला चालते. कोकणात मोरीच्या पाण्यावर केळी आणि अळू पोसण्याची रीत जुनीच आहे. मात्र हे पाणी साठवून ठेवू नका, त्याला वास येतो.

आजारी माणसे, लहान मुले आणि वृद्ध यांच्या बाबतीत मात्र काटकसरीचा हट्ट नको. त्यांना लागेल तेवढे पाणी मिळालेच पाहिजे. इतरांनी वाचवायचे ते त्यासाठीच.

सुरुवात घरातूनच

मुलांना उपदेश केला की ती कानांवर हात ठेवतात. त्यापेक्षा त्यांच्या हातात घड्याळ द्या. शॉवरखाली बादली ठेवून एका मिनिटात ती किती भरते, हे त्यांनाच मोजू द्या. मग आपल्या पंधरा मिनिटांच्या किती बादल्या झाल्या, ते चिरंजीव स्वतःच मांडतील. आणि कोण जाणे, दुसऱ्या दिवशी दार लवकर उघडून म्हणतीलही, "आजी, तुझं ते घंगाळ कुठे ठेवलंयस गं?"