फटफटीचीं अन्वर्थक नांवें

साताऱ्याहून सांगलीकडे जातांना एखादी अमेरिकन हार्ले-डेव्हिडसन फटफटी दिसली कीं, आम्हांस तिच्या पूर्वजांचीं अन्वर्थक नांवें आठवतात. १९४९ सालीं पुढल्या चाकाचे धक्के तेलाच्या दाबानें सौम्य करणारी ‘हायड्रा-ग्लाइड’ आली; १९५८ सालीं मागल्या चाकासही धक्काशोषक मिळून ती ‘ड्युओ-ग्लाइड’ झाली; १९६५ च्या ‘इलेक्ट्रा-ग्लाइड’ला विजेची कळ लाभून पायानें एंजिन चालू करण्याचे श्रम टळले. प्रत्येक सुधारणेनें प्रवाशाची एकेक पीडा हरली. परंतु ४५ अंशांत मांडलेली दोन सिलिंडरांची जोडी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत आजही कायम आहे. घर सुधारतांनाही हाच विवेक असावा. आजीस चढवत नाहीं ती पायरी अवश्य काढावी. सर्वांची पंगत बसते तें माजघर मोडूं नये.