सड्यावरची आमरी : हॅबेनारिया वंशाची ओळख

पाऊस सुरू झाला की आपल्या बेळगावकरांची पावले आपोआप जांबोटी, कणकुंबी, चोर्ला नाहीतर आंबोलीकडे वळतात. धबधबा, गरम भजी आणि धुक्यातले फोटो हे सगळे होतेच. मंडळाच्या पावसाळी सहलीत आम्ही आता आणखी एक गोष्ट जोडली आहे, ती म्हणजे सड्यावर थांबून खाली वाकून पाहणे. अशाच एका सहलीत गवतात उभ्या असलेल्या पांढऱ्या फुलांकडे बोट दाखवून एका छोट्या मुलीने विचारले, "काका, या फुलाला मागे शेपूट कशाला?" आम्हा मोठ्यांपैकी कुणालाच धड उत्तर देता आले नाही. तेव्हा घरी येऊन पुस्तके उघडली, जाणकारांना विचारले, आणि जे कळले ते आपल्या सर्व कुटुंबांसाठी येथे मांडत आहोत.

आमरी म्हणजे काय?

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. आमरी म्हटले की झाडाच्या फांदीवरून लोंबणारे जांभळट फुलांचे घोस डोळ्यांसमोर येतात. मात्र आमरींचे दोन मोठे गट आहेत. काही झाडांवर किंवा कातळावर राहतात, तर काही सरळ मातीत उगवतात. सड्यावर दिसणारी ती पांढरी फुले दुसऱ्या गटातली. त्यांच्या वंशाचे शास्त्रीय नाव हॅबेनारिया. लॅटिन भाषेत 'हाबेना' म्हणजे चामड्याची वादी किंवा लगाम. यातल्या अनेक जातींच्या फुलांचे भाग लांब वाद्यांसारखे असतात, त्यावरून हे नाव पडले.

ओळखायचे कसे? चार खुणा लक्षात ठेवाव्यात. झाड जमिनीत उगवलेले असते. फूल बहुधा पांढरे, हिरवट किंवा पिवळसर असते. वरच्या बाजूला छोटी टोपी असावी तशी पाकळ्यांची जुळणी असते, आणि खालची पाकळी, जिला ओठ म्हणतात, ती बहुधा तीन भागांत विभागलेली असते. चौथी आणि मुख्य खूण म्हणजे ओठाच्या बुडापासून मागे जाणारी पोकळ नळी. हिला शुंडिका म्हणतात. छोट्या मुलीचे 'शेपूट' ते हेच.

नाव एक, घरे अनेक

वनस्पतींच्या शास्त्रीय नावात दोन शब्द असतात. शाळेच्या हजेरीपटात आडनाव आधी आणि नाव नंतर असते, तसेच इथे वंश आधी आणि जात नंतर येते. हॅबेनारिया हे आडनाव समजा. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्डेनो याने १८०५ साली हा वंश स्थापन केला. आमरीच्या ऑर्किडेसी या कुलातल्या ऑर्किडॉइडी या उपकुलात त्याची जागा आहे.

गंमत अशी की हे आडनाव अनेकदा बदलले गेले. सुझाना नावाच्या आमरीचीच गोष्ट घ्या. सतराव्या शतकात इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर रम्फियस नावाचा निसर्गअभ्यासक राहत होता. एका मोठ्या पांढऱ्या आमरीला त्याने आपल्या पत्नीच्या, सुझानाच्या, आठवणीसाठी तिचे नाव दिले. १७५३ साली लिनियसने ते नाव राखून तिला ऑर्किस वंशात ठेवले. पुढे ती कुणी हॅबेनारियात नेली, कुणी प्लाटँथेरात, तर कुणी पेक्टेलिस या वेगळ्या वंशात. आडनावे बदलली, सुझाना मात्र टिकली.

ही ओढाताण उगीच झालेली नाही. १८९० च्या सुमारास ब्रिटिश भारताच्या वनस्पतींवर लिहिताना जोसेफ हूकरने जवळजवळच्या अनेक वंशांना हॅबेनारियाच्या एकाच मोठ्या छपराखाली आणले. नंतरच्या अभ्यासकांनी फुलाचे आतले भाग बारकाईने पाहून ते पुन्हा वेगळे केले. हॅबेनारियात परागकण स्वीकारणारे भाग दोन असतात आणि ते देठावर पुढे आलेले असतात. प्लाटँथेरात तो भाग सपाट, फुलाला चिकटलेला असतो. अलीकडे डीएनएच्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट समोर आली. आज हॅबेनारिया म्हणून ओळखला जाणारा वंशही एकाच पूर्वजाचा सलग वंश नाही. म्हणजे पुढेही काही नावे बदलणार. म्हणून जुन्या आणि नव्या पुस्तकात एकाच फुलाची दोन नावे दिसली तर गोंधळून जाऊ नये.

आयुर्वेदाशीही याचा संबंध आहे. अष्टवर्गातल्या ऋद्धी आणि वृद्धी या वनस्पती म्हणजे हिमालयातल्या याच गटातल्या आमरी, असे साधारणपणे मानले जाते. अष्टवर्गातल्या वनस्पती च्यवनप्राशात सांगितलेल्या आहेत. वृद्धी म्हणून ओळखली जाणारी आमरी आधी हॅबेनारियात होती, आता ती प्लाटँथेरात गणली जाते.

कुठे कुठे आढळते?

हॅबेनारियाच्या जगभरात सुमारे ८०० हून अधिक जाती आहेत. जमिनीवर उगवणाऱ्या आमरींतला हा सर्वांत मोठ्या वंशांपैकी एक. ब्राझील, आफ्रिकेचा मध्य आणि दक्षिण भाग आणि पूर्व आशिया येथे त्यांची गर्दी आहे. झांबियात हॅबेनारिया, डिसा आणि सॅटिरियम या आमरींचे कंद कुटून, त्यात भुईमूग घालून 'चिकंदा' नावाचा पदार्थ करतात.

भारतात हॅबेनारियाच्या सुमारे ७० जाती आहेत, आणि महाराष्ट्रातल्या आमरींत सर्वांत जास्त जाती याच वंशाच्या आहेत. यांतल्या काहींच्या नावांत आपला प्रदेशच आहे. पाचगणीवरून हॅबेनारिया पंचगणिएन्सिस हे नाव आले. फादर सांतापाव आणि कपाडिया यांनी ते दिले. सांतापाव मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवत. या दोघांचे मुंबई इलाख्यातल्या आमरींवरचे पुस्तक १९६६ साली आले.

आपल्या बाजूच्या घाटमाथ्यावर पाहण्यासारख्या काही जाती अशा :

हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस : पावसाच्या सुरुवातीला येते. जमिनीला चिकटून पसरलेले एकच गोलसर पान आणि त्यातून वर आलेली एक-दोन पांढरी फुले.

हॅबेनारिया हेनियाना : ठेंगणी. फुले दांड्याच्या एकाच बाजूला दाटीने लागतात, त्यामुळे दात घासायच्या ब्रशसारखी दिसते.

हॅबेनारिया रॅरिफ्लोरा : ओल्या कातळाच्या कपारीत राहते. झाड लहानसे, त्या मानाने फूल मोठे.

हॅबेनारिया क्रिनिफेरा : हिच्या ओठाचा आकार झगा घातलेल्या बाहुलीसारखा असतो. मुलांना ही एकदा दाखवली की ती विसरत नाहीत.

हॅबेनारिया लाँजिकॉर्निक्युलाटा : उंच दांड्यावर मोठी पांढरी फुले आणि मागे दहा सेंटिमीटरहून लांब शुंडिका. मुंबईच्या वनस्पतींची यादी करणाऱ्या जॉन ग्रॅहमने १८३९ साली हिचे नाव छापले. आमच्या सहलीतल्या प्रश्नाचे मूळ हीच.

शेपूट कशाला?

आता त्या प्रश्नाकडे येऊ. शुंडिकेच्या तळाशी मध असतो. तिथपर्यंत पोहोचण्यासाठी लांब सोंड हवी, आणि ती असते रात्री उडणाऱ्या पतंगांना, त्यातही हॉकमॉथ जातीच्या पतंगांना. अंधारात पांढरे फूल उठून दिसते. अशी फुले बहुधा दिवस मावळल्यावर जास्त वास सोडतात. म्हणून दुपारी हुंगून "याला वास नाही" असे म्हणू नये.

आमरीचे परागकण जास्वंदीसारखे सुटे पडत नाहीत. ते एकत्र बांधलेले दोन पिंड असतात. प्रत्येक पिंडाला देठ आणि देठाच्या टोकाला चिकट चकती असते. पतंग मधासाठी सोंड खोल घालतो, तेव्हा त्याचे तोंड फुलाच्या तोंडाला भिडते. त्याच क्षणी चकती त्याच्या सोंडेला किंवा थेट डोळ्याला चिकटते. पतंग उडाला की परागपिंड त्याच्यासोबत जातो. अनेक आमरींत काही सेकंदांतच हा देठ पुढे वाकतो. त्यामुळे पुढच्या फुलावर तो पिंड बरोबर परागकण स्वीकारणाऱ्या भागावर टेकतो. चार्ल्स डार्विनने १८६२ साली आमरींवरच्या पुस्तकात ही हालचाल सविस्तर नोंदवली आहे.

नळी इतकी लांब का, याचेही उत्तर यातच आहे. नळी सोंडेपेक्षा आखूड असेल तर पतंग दुरूनच मध पिऊन जाईल, तोंड फुलाला लागणार नाही आणि पराग हलणार नाहीत. १९८८ साली स्वीडनच्या निल्सन यांनी प्लाटँथेराच्या फुलांच्या नळ्या कृत्रिमरीत्या आखूड करून पाहिल्या. त्या फुलांचे परागीभवन घटले. म्हणजे शेपूट म्हणजे नुसती शोभा नव्हे, पाहुण्याला जवळ ओढून घेण्याची ती युक्ती आहे.

सगळ्यांचे पाहुणे मात्र सारखे नसतात. उत्तर अमेरिकेतली एक छोटी हिरवट आमरी, जी पूर्वी हॅबेनारियात गणली जाई, तिचे परागीभवन चक्क डास करतात. हॅबेनारियाच्या काही जाती तर कुणाचीच वाट न पाहता स्वतःच्याच परागांवर बी धरतात.

उपटू नका, पाहा

या वंशातल्या आमरी वर्षाचा बराच काळ जमिनीखाली कंदाच्या रूपात झोपून असतात. पाऊस आला की पान येते, फूल येते, आणि त्याच काळात ते पान पुढच्या वर्षासाठी नवा कंद भरते. जुना कंद सुकून जातो. फुललेले झाड उपटले तर नवा कंद अर्धवट आणि जुना रिकामा, असे दोन्ही हातचे जाते. तिचे बी धुळीसारखे बारीक असते, त्यात स्वतःचे अन्न नसते. मातीतली विशिष्ट बुरशी भेटली तरच ते रुजते. ती बुरशी आपल्या कुंडीत नसते.

हे आम्ही पुस्तकातूनच शिकलो असे नाही. आमच्यापैकीच एकाने काही वर्षांपूर्वी हौसेने असे एक झाड घरी आणून कुंडीत लावले होते. त्या वर्षी फूल टिकले, घरच्यांनी कौतुक केले. पुढच्या जूनमध्ये कुंडीतून फक्त गवत वर आले. सड्यावरचे एक झाड कमी झाले ते झालेच.

म्हणून यंदाच्या सहलीला येणाऱ्या सर्वांना आमची विनंती आहे. गाडी सड्यावर चढवू नये, रस्त्याच्या कडेलाच लावावी. फूल दिसले तर मुलांना गुडघ्यावर बसवून चारही खुणा शोधायला लावाव्यात. शुंडिकेची लांबी मोजायला पट्टी जवळ ठेवावी, हात लावू नये. फोटो काढावा, पण नेमके ठिकाण सगळ्यांना कळेल असे पसरवू नये, कारण आमरी खणून विकणारे लोकही आहेत. जमिनीचे तुकडे पाडून विकताना सड्याला 'पडीक' म्हटले जाते. तिथे काय फुलते ते ज्याने पाहिले आहे, तो तसे म्हणणार नाही.

ती छोटी मुलगी यंदाही येणार आहे. या वेळी तिला उत्तर द्यायला आम्ही तयार आहोत, आणि आता तुम्हीही.